तीन मिनिटांपासून अठ्ठावीस दिवसांपर्यंत

हातातलं काम चालू राहू दे. तांदूळ निवडत असाल तर निवडा, फक्त कान इकडे ठेवा. आज आम्ही बोलणार आहोत ते आपल्या सगळ्यांच्याच घरातलं आहे. फोन, आणि फोनला लागणारे पैसे.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीच्या सासूबाई पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत एकट्या राहतात. मुलगा सुरतेला असतो. सासूबाईंकडे बटणाचा साधा फोन आहे. त्यांना नंबर लावता येत नाही. फोन वाजला की हिरवं बटण दाबायचं, एवढंच त्यांना ठाऊक. तर झालं काय, चार दिवस मुलाचा फोन लागेना. सगळ्यांना वाटलं, पावसानं रेंज गेली असेल. शेवटी चौथ्या दिवशी पुतण्या वर गेला. फोन चार्ज होता, रेंजही होती. रिचार्जची मुदत संपून बरेच दिवस झाले होते, म्हणून येणारे फोनसुद्धा बंद झाले होते.

पुतण्यानं समजावलं तेव्हा आजी म्हणाल्या, "मी कुठं कुणाला फोन केला? मग माझे पैसे संपले कसे?"

आम्ही आधी हसलो. मग लक्षात आलं की आजींचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि आमच्यातल्या एकीलाही त्याचं धड उत्तर देता येत नाही. म्हणून आम्ही मागं जाऊन बघायचं ठरवलं. लांबच्या माणसाशी बोलायला आपण आजवर पैसे मोजले, ते नेमके कशाचे?

आपले महाड आणि पोलादपूर तालुके चाकरमान्यांचे. भातशेती चार महिन्यांची, जमीन थोडी. घरटी एक तरी माणूस मुंबईला, कुणी गिरणीत, कुणी गोदीत, पुढं कुणी सुरत-बडोद्याला, कुणी आखातात. बाई गावाला आणि नवरा मुंबईला, असे संसार पिढ्यान् पिढ्या चालले. ते चालले पत्रावर आणि मनीऑर्डरीवर. १९८० च्या दशकात पोस्टकार्ड पंधरा पैशांना मिळायचं. पत्र लिहून द्यायला गुरुजी किंवा शाळेत जाणारं पोर. त्यामुळं नवऱ्याला लिहायच्या गोष्टी आधी गुरुजींना कळायच्या, आणि ज्या गुरुजींना सांगता येत नाहीत त्या लिहिल्याच जायच्या नाहीत.

फोन होता, पण तो तालुक्याला. तिथं जाऊन ट्रंक कॉल 'बुक' करायचा. म्हणजे नंबर सांगून बसायचं. ऑपरेटर एका एक्सचेंजमधून दुसऱ्या एक्सचेंजला जोड मागत जायचा आणि मधली लाइन मोकळी झाली की तुमचा नंबर यायचा. त्याला तासही लागायचे. ट्रंक कॉलचे प्रकार तीन: साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. अर्जंटला साध्याच्या दुप्पट आकार, लाइटनिंगला आठपट. म्हणजे लवकर बोलायचं असेल तर रांगेत पुढं जाण्याचे पैसे. कमीत कमी आकार तीन मिनिटांचा. अर्ध्या मिनिटात बोलणं आटोपलं तरी पैसे तीन मिनिटांचेच. शिवाय एका ठरावीक माणसालाच फोनवर बोलवायचं असेल तर तो 'पी.पी.' कॉल, त्याचा जादा आकार. आपली माणसं लालबाग-परळच्या चाळीत, एका खोलीत दहा-दहा जण राहायची. फोन असायचा खालच्या दुकानात. तो माणूस पाळीवर गेलेला असला तर सगळा खटाटोप वाया.

म्हणून त्या काळात बाईनं आपणहून नवऱ्याला फोन केला असं फारसं व्हायचं नाही. कुणी गेलं, कुणी अडलं, तरच ट्रंक कॉल. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यात आपल्याकडची कितीतरी माणसं होती. त्या वेळी गावाकडच्या बायांना मुंबईची बातमी मिळायची ती एसटीनं आलेल्या माणसाकडून. आमच्यातल्या थोरल्या बाया सांगतात, रात्रीची गाडी आली की वाडीतल्या चार जणी रस्त्यावर जाऊन उभ्या राहायच्या.

खरं तर ऑपरेटरशिवाय थेट लांबचा नंबर फिरवण्याची सोय आपल्या देशात १९६० सालीच आली होती. लखनौ ते कानपूर. तीच एसटीडी. पण ती तालुक्यापर्यंत आणि गावापर्यंत यायला तीस-पस्तीस वर्षं गेली. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली. सॅम पित्रोदा आणि तिथल्या इंजिनिअरांनी खेड्यासाठी १२८ लाइनींचं छोटं एक्सचेंज बनवलं. धूळ, ऊन सोसणारं, एअर कंडिशनर न लागणारं. १९८६ मध्ये ते कर्नाटकात कित्तूरला बसवलं. पुढं अशी एक्सचेंजं गावोगाव गेली. तरीही १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात सरकारनंच लिहिलं होतं की देशात शंभर माणसांमागे एकसुद्धा फोन नाही, ०.८ आहे. आणि पावणेसहा लाखांवर खेड्यांपैकी जेमतेम १ लाख ४० हजार खेड्यांत फोन पोचलाय.

मग आले ते पिवळ्या पाटीचे बूथ. एसटीडी, आयएसडी, पीसीओ. महाड, बिरवाडी, पोलादपूर, नाक्यानाक्यावर एक काचेची खोली. बूथ देताना अपंगांना, माजी सैनिकांना, विधवांना प्राधान्य असायचं. महाडचा कोड ०२१४५, पोलादपूरचा ०२१९१, हे आमच्यातल्या कितीजणींना अजून तोंडपाठ आहे. ज्याच्या घरी फोन असे त्याचा नंबर अख्खी आळी आपला म्हणून द्यायची, आणि पुढं लिहायची 'पी.पी.'. म्हणजे शेजाऱ्याचा फोन, निरोप द्या.

आता बूथमध्ये पैसे कसे लागायचे ते नीट ऐका, कारण आजच्या रिचार्जचं कोडं तिथंच उलगडतं. समोरच्या यंत्रावर आकडे पळायचे. प्रत्येक ठोक्याला एक 'कॉल', आणि एका कॉलची किंमत ठरलेली. जवळच्या फोनला ठोका सावकाश पडायचा, लांबच्याला भराभर. हे अंतर रस्त्यानं मोजत नसत, कावळा उडतो तसं सरळ मोजत. आपल्याला घाट चढून जायचं म्हणून पुणं लांब वाटतं, पण नकाशावर रेघ मारा, महाडहून पुणं मुंबईपेक्षा जवळ आहे. आणि वेळेप्रमाणेही दर बदलायचा. दिवसा कामाच्या वेळात पूर्ण, संध्याकाळनंतर निम्मा, रात्री उशिरा तर पाव.

म्हणून बूथवर गर्दी व्हायची ती रात्री. मैत्रिणींनो, इथं जरा थांबा. दर पाव होता, पण कुणासाठी? रात्री अकराला वाडीवरून उतरून नाक्यावर जाणं पुरुषाला जमायचं. आमच्यातल्या एकीला सासऱ्यांबरोबरच जाता यायचं. मग काचेच्या खोलीत सासरे बोलणार, ती बाहेर उभी. शेवटी अर्धा मिनिट रिसीव्हर तिच्या हाती. तेवढ्यात ती म्हणायची, "बरी आहे मी. तुम्ही?" आणि आकडा पळताना दिसला की ठेवून द्यायची. कागदावर दर स्वस्त होता. पण जिला त्या वेळेला घराबाहेर पडता येत नाही, तिला तो स्वस्त कधीच नव्हता.

हे दर होते किती? १९९० च्या दशकाच्या शेवटी देशातल्या सगळ्यात लांबच्या टप्प्याला, दिवसाच्या वेळेत, मिनिटाला तीस रुपयांच्या आसपास पडायचे. १९९७ मध्ये ट्राय स्थापन झाली, म्हणजे फोनच्या दरांवर आणि कंपन्यांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण. ऑक्टोबर २००० मध्ये सरकारी खात्याची बीएसएनएल ही कंपनी झाली. लांब पल्ल्याचं क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं आणि जानेवारी २००२ मध्ये स्पर्धेपोटी दर धाडकन खाली आले. सगळ्यात लांबचा टप्पा दहा रुपयांच्या आत आला. आणि १ मार्च २००६ ला बीएसएनएलनं 'वन इंडिया' योजना आणली. देशात कुठंही फोन करा, मिनिटाला एक रुपया. सुरत असो नाहीतर कलकत्ता. कावळ्याच्या रेघेचा हिशेब संपला. अंतराचे पैसे मोजायचे दिवस त्या दिवसापासून मावळू लागले.

इकडे मोबाइल आला होता. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला कलकत्त्याहून दिल्लीला झाला. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास दर, आणि ऐका, आलेल्या फोनलासुद्धा पैसे पडायचे! म्हणून सुरुवातीला मोबाइलवाला माणूस नंबर बघून फोन कापायचा. १ मे २००३ पासून येणारा फोन फुकट झाला. हा दिवस आमच्या मते बायांच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा. कारण आपल्यापैकी बहुतेकजणी फोन करणाऱ्या नव्हत्या, घेणाऱ्या होत्या. मग आपण मिस कॉलची भाषा शोधून काढली. एक रिंग म्हणजे सुखरूप पोचलो. दोन रिंगा म्हणजे फोन करा. तीन म्हणजे आत्ताच्या आत्ता करा. कंपनीला एक पैसा न देता अख्खा संसार चालायचा.

२००५ च्या शेवटी 'लाइफटाइम' सिम निघाली. एकदाच हजाराच्या आसपास भरा आणि जन्मभर फोन घेत राहा. २००९ मध्ये टाटा डोकोमोनं सेकंदाला एक पैसा हा दर आणला. म्हणजे अर्धा मिनिट बोललात तर अर्ध्याच मिनिटाचे पैसे. ट्रंक कॉलच्या तीन मिनिटांपासून आपण सेकंदापर्यंत आलो. मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि बोलण्याचे वेगळे पैसेच उरले नाहीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीसुद्धा.

पण त्या टाळ्यांच्या आवाजात एक गोष्ट निसटली. बोलणं फुकट झालं तशी कंपन्यांची कमाई दुसरीकडून यायला हवी होती. काही कंपन्या बंद झाल्या, काही एकमेकींत मिसळल्या. ज्या उरल्या त्यांच्या लक्षात आलं की नुसते फोन घेणाऱ्या कोट्यवधी लोकांकडून काहीच मिळत नाही. २०१८ च्या शेवटी शेवटी काही कंपन्यांनी नियम केला, दर २८ दिवसांना निदान पस्तीस रुपयांचं रिचार्ज करा, नाहीतर आधी जाणारे फोन बंद, मग येणारेही. तो आकडा पुढं वाढतच गेला.

हे आहे आजींच्या प्रश्नाचं उत्तर. आधी आपण रांगेचे पैसे दिले, मग अंतराचे, मग मिनिटाचे, मग सेकंदाचे. आता आपण दिवसांचे पैसे देतो. फोन करा नाहीतर करू नका, दिवस उलटला की त्या दिवसाचे पैसे गेले. आजींनी फोन केला नाही, पण अठ्ठावीस दिवस जगल्या, त्याचे पैसे लागले. जी दिवसभर बोलते तिला ही पद्धत स्वस्त पडते. जी फक्त मुलाच्या फोनची वाट बघते, तिला महाग.

आता हिशेबाचं बोलू. मैत्रिणींनो, २८ दिवस म्हणजे महिना नव्हे. ३६५ ला २८ नं भागा, वर्षाला १३ रिचार्ज बसतात. आपल्या पंचांगात धोंड्याचा महिना तीन वर्षांनी एकदा येतो. फोनचा धोंड्याचा महिना दरवर्षी येतो, आणि त्या जावयाला वाण द्यावंच लागतं. ट्रायनं जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं की प्रत्येक कंपनीनं तीस दिवसांचं आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारं, असं निदान एकेक रिचार्ज ठेवलंच पाहिजे. ते असतं, पण आपण विचारल्याशिवाय दुकानदार बहुधा दाखवत नाही.

दुसरी गोष्ट, छापील किंमत आणि हातात पडणारी रक्कम. दहा रुपयांचा टॉप-अप मारला तर बोलायला ७ रुपये ४७ पैसेच मिळतात. १८ टक्के जीएसटी जातो आणि वर कंपनीचा प्रक्रिया आकार. लहान लहान टॉप-अप मारणारीला हे कळतसुद्धा नाही.

तिसरी गोष्ट, वही काढा आणि एका दिवसाचा दर काढा. आकडे रोज बदलतात, म्हणून आम्ही मनानंच धरतो. समजा एक रिचार्ज २०० रुपयांना २८ दिवस. एका दिवसाला ७ रुपये १४ पैसे. दुसरं ५०० रुपयांना ८४ दिवस. दिवसाला ५ रुपये ९५ पैसे. तिसरं १,८०० रुपयांना वर्षभर. दिवसाला ४ रुपये ९३ पैसे. पहिल्यानं गेलात तर तेरा रिचार्जचे वर्षाला २,६०० रुपये होतात. म्हणजे ज्या बाईकडे एकदम अठराशे नाहीत, ती त्याच फोनला आठशे जास्त देते. गरिबाला सुटं सुटं घ्यावं लागतं आणि सुटं नेहमी महाग पडतं. तेलाच्या पुडीचं जे आहे तेच फोनचं.

पण आपण गटातल्या बाया आहोत ना? गटातून १,८०० चं कर्ज घ्या. दरमहा १५० मुद्दल फेडा, आणि उरलेल्या रकमेवर महिना दोन टक्के व्याज धरा. बारा महिन्यांचं मिळून व्याज होतं २३४ रुपये. सगळे मिळून २,०३४. तरीही ५६६ रुपये वाचले, आणि ते २३४ कंपनीकडे न जाता आपल्याच पेटीत आले. मात्र त्याआधी बघा की त्या कंपनीची रेंज तुमच्या वाडीत पावसाळ्यातसुद्धा टिकते का. वर्षाचे पैसे भरून डोंगराआड फोन लागत नसेल तर सगळा हिशेब मातीत.

हे आम्ही उगाच सांगत नाही. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवत्याला दरडी आल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये गेलं आणि महाड पाण्यात बुडालं. त्या रात्री वीज नव्हती, फोन लागत नव्हते. मुंबईतली माणसं इकडच्या माणसांचे नंबर फिरवत बसली होती. अशा वेळी दर कितीही असो, काय उपयोग? म्हणून आमच्या गटानं ठरवलंय, प्रत्येक वाडीत निदान दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम चालू असली पाहिजेत. कुणाकडे कुठली आहे ते वहीत लिहिलेलं हवं. आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या रिचार्जची शेवटची तारीख गटाच्या बैठकीत वाचायची, हप्त्यांची वाचतो तशी.

आणि शेवटचं, आजींचं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं नियम केला की ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी प्रत्येक कंपनीनं फक्त बोलणं आणि मेसेज असलेलं रिचार्ज ठेवायचं, त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. आजींच्या बटणाच्या फोनला आपण आजवर इंटरनेटचं रिचार्ज मारत होतो! मैत्रीण दुकानात गेली. दुकानदारानं आधी नेहमीचंच पुढं केलं. तिनं नाव घेऊन मागितलं, नुसत्या बोलण्याचं द्या, लांब मुदतीचं द्या. मिळालं. ते फुकट नाही आणि फार स्वस्तही नाही, पण दिवसाचा दर कमी पडला. आणि मुख्य म्हणजे दर अठ्ठावीस दिवसांनी कुणीतरी आठवण ठेवायची गरज उरली नाही.

तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी रिचार्जच्या दुकानात उभ्या राहाल तेव्हा 'कितीला आहे?' एवढंच विचारू नका. विचारा, 'हे पैसे कशाचे? बोलण्याचे, इंटरनेटचे की नुसत्या दिवसांचे? किती दिवसांचे?' मग एका दिवसाचा दर काढा आणि मग पैसे द्या. कंपनी पटली नाही तर नंबर तोच ठेवून ती बदलताही येते, २०११ पासून देशभर तशी सोय आहे.

आजींना आम्ही परवा भेटलो. फोन त्यांच्या उशाशी होता. म्हणाल्या, "आता वाजतो." त्यांचा रिचार्ज कधी संपतो ती तारीख आम्ही वहीत लिहून ठेवलीय. तुमच्या वाडीतल्या आजींची तारीख तुम्ही लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!